दुसऱ्या एंजिनाची विद्या

विमानतळावर उभ्या असलेल्या विमानास दोन एंजिनें आहेत असें दिसलें कीं सामान्य प्रवाशाच्या मनास धीर येतो. एक बंद पडलें तरी दुसरें आहेच, असा साधा हिशेब तो मनाशीं मांडतो. बैलगाडीची जोडी पाहिलेल्या मनुष्यास हा हिशेब सहज पटण्यासारखा आहे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या जोडीपैकीं एक बैल भर वाटेंत बसला आहे, त्यास आणखीही एक गोष्ट ठाऊक असते. उभा असलेला बैल जोर करूं लागला म्हणजे गाडी सरळ पुढें जात नाहीं. ती बसलेल्या बैलाच्या बाजूस वळूं पाहते. गाडीवानानें वेळींच कासरा आवरला नाहीं, तर चांगल्या बैलाचा जोरच गाडी रस्त्याबाहेर नेतो. दोन एंजिनांच्या विमानाचें सारें मर्म या एका गोष्टींत आहे. आणि तें वैमानिकाच्या हातापायांत मुरविण्यासाठींच जगांतील सर्व देशांनीं एक स्वतंत्र शिक्षण व एक स्वतंत्र परीक्षा ठेविलेली आहे.

ही परीक्षा किती गंभीर आहे तें सन २०१५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेस तैवानांत दिसून आलें. तैपेई शहरांतील सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशिया कंपनीचें ए.टी.आर. ७२ जातीचें विमान ५८ माणसें घेऊन निघालें. विमान थोडें वर चढतें न चढतें तोंच त्याच्या उजव्या प्रोपेलरनें जोर देण्याचें सोडलें. स्वयंचलित यंत्रणेंतील एका सदोष जोडामुळें त्याचीं पातीं आपोआप फिरून निष्क्रिय झालीं होतीं. डावें एंजिन उत्तम चाललें होतें. वैमानिकानें बंद केलें तें मात्र डावें. चूक ध्यानांत आल्यावर तें पुन्हां सुरू करण्याची धडपड झाली. पण तोंवर उंचीही संपली होती आणि वेगही संपला होता. विमान एका उंच पुलास घासून कीलुंग नदींत कोसळलें आणि ४३ माणसें प्राणांस मुकलीं. उड्डाणापासून अंतापर्यंतचा सारा काळ अवघा तीन मिनिटांच्या आसपासचा.

याच प्रकारची चूक सव्वीस वर्षांपूर्वीं इंग्लंडांतही घडली होती. ८ जानेवारी १९८९ रोजीं एका बोइंग ७३७ विमानाच्या डाव्या एंजिनाचें एक पातें तुटलें. धक्के बसूं लागले, धुराचा वास आला, आणि चालकांनीं उजवें, म्हणजे निर्दोष एंजिन बंद केलें. केगवर्थ गांवाजवळ विमान पडलें. १२६ जणांपैकीं ४७ दगावले. हीं दोन्ही विमानें एका एंजिनावर उडूं शकण्याजोगीं होतीं. मोठ्या प्रवासी विमानांची रचना कायद्यानेंच तशी करावी लागते. दोन्ही प्रसंगीं चांगलें एंजिन विमानावर होतें. उणीव होती ती तें कोणतें, हें शांतपणें ओळखण्याची.

एका एंजिनाचें विमान चालविण्यांत कोणी कितीही निष्णात असला, तरी दोन एंजिनांचें विमान स्वतःच्या अधिकारांत चालविण्याची मुभा त्यास कायदा देत नाहीं, त्याचें कारण हें आहे. त्यासाठीं त्याच्या परवान्यावर निराळी नोंद व्हावी लागते. वैमानिक मंडळी तिला मल्टिएंजिन रेटिंग म्हणतात. ही नोंद मिळविण्यास काय काय करावें लागतें हें पाहिलें असतां त्या विद्येचें स्वरूप आपोआप उघड होतें.

युरोपांतील नियमांनीं शिक्षणाच्या तासांची जी वाटणी केली आहे, तीच मोठी बोलकी आहे. एक्या वैमानिकानें चालविण्याजोग्या दोन एंजिनांच्या हलक्या विमानांच्या वर्गासाठीं उमेदवारानें त्यापूर्वीं विमानाचा मुख्य चालक म्हणून ७० तास उड्डाण केलेलें असलें पाहिजे. नंतर त्यास निदान ७ तास तात्त्विक पाठ घ्यावे लागतात. पुढें शिक्षकासह उड्डाण करावयाचें तें निदान ६ तास. त्यांपैकीं दोन्ही एंजिनें नीट चाललीं असतां शिकावयाचें तें अडीच तास. आणि एक एंजिन गेलें असतां काय करावें, हें शिकावयाचें तें साडेतीन तास. सुखाच्या दिवसांपेक्षां संकटाच्या दिवसांस अधिक वेळ दिलेला आहे. हेंही योग्यच, कारण दोन्ही एंजिनें चालत असेपर्यंत हें विमान पूर्वीच्याच विमानाचा थोरला भाऊ असतो. वेग अधिक, वजन अधिक, हाताशीं दांडे अधिक. परंतु बुद्धीस नवें असें फारसें कांहीं नाहीं. नवें जें आहे तें एक एंजिन थांबल्याच्या क्षणीं सुरू होतें.

त्या क्षणीं दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली म्हणजे विमान वळतें. एंजिनें दोन पंखांवर, मध्यरेषेपासून दूर बसविलेलीं असतात. डावें थांबलें आणि उजवें जोरांत चाललें तर विमानाचें नाक डावीकडे ओढलें जातें. शिवाय चालू प्रोपेलरच्या झोतामुळें त्याच्यामागील पंखास अधिक उचल मिळते, ती मृत बाजूस मिळत नाहीं. म्हणून विमान डावीकडे कलूंही लागतें. हें थोपविण्यास वैमानिकानें पायानें शेपटाकडील सुकाणू उजवीकडे दाबून धरावें लागतें, आणि चालू एंजिनाच्या बाजूस विमान किंचित्, सुमारें दोन ते पांच अंश, कलतें ठेवावें लागतें.

दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक कपटी आहे. दोहोंपैकीं एक एंजिन गेलें म्हणजे निम्मी शक्ति गेली, हें खरें. परंतु वर चढण्याची ताकद निम्मी होत नाहीं, ती बहुतेक नाहींशी होते. विमानास नुसतें सपाटीवर तरंगत राहण्यासच बरीचशी शक्ति खर्च करावी लागते. त्यांतून जें उरेल त्यावर तें चढतें. संसारांतल्याप्रमाणेंच येथेंही मिळकत निम्मी झाली तरी भाडें व धान्य यांचा खर्च तेवढाच राहतो. जाते ती शिल्लक. अमेरिकेंत या शिक्षणासाठीं फार वापरलें जाणारें पायपर सेमिनोल हें विमान घ्यावें. त्यास १८० अश्वशक्तीचीं दोन एंजिनें आहेत. समुद्रसपाटीस दोन्ही एंजिनांवर तें मिनिटास सुमारें १,३०० फूट चढतें. एकावर चढतें तें जेमतेम २०० फूट. पूर्ण भार असतां एका एंजिनावर चढत राहण्याची त्याची मर्यादा सुमारें ४,००० फुटांच्या आसपास येऊन संपते.

आतां या आंकड्यांचा अर्थ महाराष्ट्रांतील मनुष्यास सहज कळेल असा लावून पाहतां येतो. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० फूट उंच आहे. वैशाखांतल्या दुपारीं तेथें पारा ४० अंशांवर गेला म्हणजे तापलेली हवा इतकी विरळ होते कीं, विमानाच्या दृष्टीनें तें ठिकाण ५,००० फुटांहून अधिक उंचीवर गेल्यासारखें असतें. अशा वेळीं पूर्ण भारलेल्या सेमिनोलचें एक एंजिन उड्डाणानंतर लगेच गेलें, तर दुसरें त्यास वर नेऊं शकणार नाहीं. वैमानिकानें कांहींही चूक केली नाहीं तरी विमान हळूहळू खालींच येणार. अमेरिकेच्या जुन्या नियमांप्रमाणें ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि कमी वेगानें उतरूं शकणाऱ्या हलक्या विमानांनीं एका एंजिनावर चढून दाखविलेंच पाहिजे, असें बंधनही नव्हतें. दुसऱ्या एंजिनाच्या भरंवशावर हा हिशेब न करितां निघणारा मनुष्य म्हणूनच अधिक धोक्यांत असतो. दुसरें एंजिन वैमानिकास अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन पोंचवितें, असा एक कटु विनोद या मंडळींत प्रचलित आहे, तो उगाच नव्हे.

विद्यार्थ्याकडून पुनःपुन्हां घोकून घेतला जाणारा जो क्रम आहे, तो या दोन गोष्टींतूनच निघालेला आहे. सर्वांत आधीं विमान सरळ धरावयाचें आणि वेग सोडावयाचा नाहीं. मग दोन्ही एंजिनांचे सर्व दांडे पुढें सारावयाचे. कारण कोणतें एंजिन गेलें हें अजून ठरलेलें नसतें, आणि पुढें सारण्यांत कोणाचेंच नुकसान होत नाहीं. मग हवेस अडथळा करणारे फ्लॅप व चाकें वर घ्यावयाचीं. मग ओळख. विमान सरळ ठेवण्यासाठीं जो पाय जोर करीत आहे त्या बाजूचें एंजिन जिवंत; जो पाय मोकळा पडला आहे त्या बाजूचें मृत. ही खूण डोळ्यांच्या खुणेपेक्षां भरंवशाची आहे, कारण मृत एंजिनाचा प्रोपेलरही वाऱ्यानें फिरत राहतो आणि नजरेस फसवितो.

ओळख पटली तरी तेवढ्यावर विसंबावयाचें नाहीं. पुढची पायरी खातरजमेची. जें मेलेलें वाटतें त्याचाच थ्रॉटल हळूच मागें ओढून पाहावयाचा. विमानांत कांहींच बदल झाला नाहीं, तर ओळख खरी. विमान हिसका देऊन वळूं लागलें, तर हात चुकीच्या दांड्यावर आहे; तो तत्काळ पुढें सारावा. या खातरजमेस दोन-तीन सेकंद लागतात. तैपेईच्या नदींत जें विमान गेलें, त्यास याच दोन-तीन सेकंदांची गरज होती.

खातरजमेनंतरच मृत प्रोपेलरचीं पातीं फिरवून त्यांची धार वाऱ्याकडे करावयाची. यास पातीं फेदर करणें म्हणतात. असें न केल्यास फुकट फिरणारा प्रोपेलर वाऱ्यांत फळी आडवी धरावी तसा विमानास मागें ओढतो आणि उरलीसुरली शिल्लकही खाऊन टाकतो. यांतही एक मेख आहे. सेमिनोलसारख्या विमानांत एंजिनाच्या फेऱ्या मिनिटास ९५० च्या खालीं गेल्या म्हणजे पातीं अडकून बसतात. जमिनीवर एंजिन थांबवितांना तीं आपोआप फेदर होऊं नयेत म्हणून केलेली ती सोय असते. त्यामुळें उतावीळपणा जसा घातक, तसा चेंगटपणाही घातक. घाई न करितां उशीरही करावयाचा नाहीं, ही गोष्ट पुस्तक वाचून येत नाहीं. ती सरावानेंच अंगवळणी पडते.

वेगदर्शकाच्या तबकडीवर दोन रेषा आंखलेल्या असतात. त्यांचें मोल विद्यार्थ्यास याच वेळीं कळतें. निळी रेषा म्हणजे एका एंजिनावर चढण्यास सर्वांत सोयीचा वेग. सेमिनोलमध्यें तो ८८ नॉट, म्हणजे ताशीं सुमारें १६३ किलोमीटर आहे. लाल रेषा म्हणजे ज्याच्या खालीं, एक एंजिन बंद आणि दुसरें पूर्ण जोरावर असतां, सुकाणू पूर्ण दाबूनही विमान सरळ धरवत नाहीं असा वेग. तो ५६ नॉट, म्हणजे ताशीं सुमारें १०४ किलोमीटर आहे. वेग कमी झाला म्हणजे सुकाणूवरून वाहणारा वारा मंदावतो व सुकाणूची पकड सुटते. एंजिनाचा जोर मात्र तेवढाच राहतो. मग विमान मृत बाजूस वळून उलटें होऊं लागतें.

या प्रसंगाचा धडा भरपूर उंचीवर प्रत्यक्ष दिला जातो. शिक्षक एका एंजिनाचा जोर काढून घेतो, विद्यार्थी वेग हळूहळू उतरवितो, आणि नाक भरकटण्याची किंवा पंखांची उचल सुटण्याची पहिली खूण दिसतांच त्यानें विमान सांवरावयाचें असतें. सांवरण्याची रीत ऐकून नवख्यास आश्चर्य वाटतें. जें एकच एंजिन जिवंत आहे, त्याचाच जोर कमी करावयाचा आणि नाक खालीं करून वेग मिळवावयाचा. मनुष्याचा स्वभाव उरलेल्या आधारास अधिक घट्ट धरण्याचा. येथें तर तो क्षणभर सैल सोडावा लागतो. चांगल्या बैलास थोपविल्यावांचून गाडी रस्त्यावर येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. स्वभावाविरुद्धची ही कृति संकटांत आपोआप घडावी, एवढ्यासाठीं ती शिक्षकाच्या शेजारीं बसून अनेकदां करून घेतात.

अमेरिकेची रीत युरोपाहून निराळी आहे. तेथें ज्याच्याजवळ एका एंजिनाच्या विमानाचा परवाना आधींच आहे, त्यानें त्याच दर्जाच्या परवान्यावर ही नवी नोंद मिळविण्यासाठीं अमुक इतके तास उडालेंच पाहिजे, असें कायदा सांगत नाहीं. नवी लेखी परीक्षाही द्यावी लागत नाहीं. शिक्षकानें हा विद्यार्थी तयार झाला आहे असें त्याच्या उड्डाणवहींत सहीनिशीं लिहून द्यावयाचें, आणि मग परीक्षकापुढें तोंडी व प्रत्यक्ष परीक्षा व्हावयाची. वरवर ही रीत सैल वाटते. वास्तविक तींत सारा भार शिक्षकाच्या सहीवर आणि परीक्षकाच्या नजरेवर पडतो. तास भरले म्हणून कोणी पुढें सरकत नाहीं.

परीक्षकही कसून पाहतो. धावपट्टीवर विमान धांवत असतां, वेग लाल रेषेच्या निम्म्यापर्यंतही पोंचला नाहीं तोंच, तो एक एंजिन गेल्याचा प्रसंग आणतो. तेथें दोन्ही थ्रॉटल बंद करून विमान पट्टीवरच थांबविणें हेंच योग्य उत्तर. जमीन सोडल्यावर सुरक्षित उंचीवर तो पुन्हां तसाच प्रसंग आणतो. तेथें दिशा दहा अंशांच्या आंत आणि वेग निळ्या रेषेच्या पांच नॉटांच्या आंत राखावा लागतो. जमिनीपासून निदान ३,००० फुटांवर एक एंजिन खरोखरच बंद करून, पातीं फेदर करून तें पुन्हां सुरू करावें लागतें. शेवटीं एका एंजिनाच्या बळावर विमानतळावर येऊन उतरावें लागतें. ढगांतून केवळ उपकरणांवर विमान नेण्याचा अधिकार ज्यास दोन एंजिनांच्या विमानावरही हवा असेल, त्यास तीही वाट एका एंजिनावर चालून दाखवावी लागते. एरव्हीं त्याच्या परवान्यावर तशी मर्यादा लिहिली जाते.

आणखी एक मर्यादा लक्षांत घेण्यासारखी आहे. सेस्ना कंपनीनें पूर्वीं स्कायमास्टर नांवाचें एक विमान काढलें होतें. त्याचीं दोन एंजिनें पंखांवर नसून एक नाकाशीं व दुसरें पाठीशीं, एकाच मध्यरेषेवर होतीं. त्यांपैकीं एक थांबलें तर विमान वळत नाहीं. अशा विमानावर परीक्षा देणाऱ्यास अमेरिकेंत दोन एंजिनांची नोंद मिळते, पण मध्यरेषेवरील एंजिनांपुरतीच मिळते. दोन एंजिनें हांकतां येणें ही विद्या नव्हे, एका बाजूचें बळ गेलें असतां तोल राखतां येणें ही विद्या, असाच याचा अर्थ.

महाराष्ट्रांत गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर जी उड्डाणशाळा आहे, तेथील विद्यार्थी एका एंजिनाच्या विमानावर हात बसल्यावर डायमंड कंपनीच्या डी.ए. ४२ या दोन एंजिनांच्या विमानाकडे वळतात. या नव्या विमानांत प्रत्येक एंजिनास एकच दांडा असतो. इंधन, फेऱ्या, पात्यांचा कोन हें सारें विजेचें गणकयंत्र पाहतें, आणि एंजिनाची मुख्य कळ बंद केली कीं पातीं फेदर होतात. हातांचें काम पुष्कळ कमी झालें आहे. परंतु दोहोंपैकीं कोणती कळ बंद करावयाची, हें अजूनही मनुष्यासच ठरवावें लागतें. तैपेईच्या विमानांतही स्वयंचलित यंत्रणेची वाण नव्हती.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तें एकाच एंजिनाच्या पुस मॉथ विमानांतून. अशा विमानांत एंजिन थांबलें तर वैमानिकापुढें विकल्प नसतो. खालीं उतरण्याजोगी जमीन शोधणें हाच एक मार्ग. दुसरें एंजिन आलें आणि त्याबरोबर निवड करण्याची जबाबदारीही आली: थांबावें कीं निघावें, चढावें कीं उतरावें, डावें कीं उजवें. म्हणून जाणता वैमानिक धावपट्टीच्या टोंकाशीं उभा असतांनाच शांतपणें, मोठ्यानें उच्चारून ठरवितो कीं, अमुक वेगाच्या आंत कांहीं बिघडलें तर थांबेन. वर गेल्यावर पुढें पट्टी उरली असेल तर तेथेंच उतरेन. उरली नसेल तर निळी रेषा धरीन. आणि तरीही विमान चढत नसेल, तर पंख सपाट ठेवून समोरच्या मोकळ्या जागेवर उतरेन.

युरोपांत ही नोंद एका वर्षापुरतीच असते. तिची मुदत वाढवून घ्यावी लागते. अमेरिकेंत ती संपत नाहीं, तथापि उतारूंस घेऊन जावयाचें तर मागील ९० दिवसांत त्याच वर्गाच्या विमानानें तीन उड्डाणें व तीन अवतरणें झालेलीं असावीं लागतात. कारण पायांची ओळख, हाताची खातरजमा आणि मनाचा धीर या तिन्ही गोष्टी न वापरतां गंजतात. विमानाचें दुसरें एंजिन पैसे देऊन विकत घेतां येतें. त्याचा आधार मात्र ज्यानें पहिलें गेल्याचा प्रसंग शंभर वेळां मनांत आणि अनेकदां हातांनीं भोगला आहे, त्यासच मिळतो.